अमेरिकनाची न बोलण्याची रीत

"अजून चादरीच वाळत घालतायत," ती कळफलकाकडे बघत पुटपुटली. "चार पानं झाली. एवढ्या वेळात आपल्या अख्ख्या इमारतीचे कपडे वाळून, घड्या होऊन कपाटात गेले असते."

"मला ऐकू येतं," मागून नवरा म्हणाला.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. पुढचं सांगा. वाऱ्यानं चादर फुगली, इथवर आलोय आपण."

"'फुगली' नको. 'भरली' लिही. शिडासारखी-बिडासारखी काही नाही. नुसती भरली."

तिनं 'फुगली' खोडलं, 'भरली' लिहिलं. तो खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होता. पुस्तक उजव्या हातात, बोट पानांत खुपसलेलं. या घरात भाषांतर असंच व्हायचं. टेबलाशी बसून लिहिणं त्याला कधी जमलं नाही. बसला की त्याची वाक्यं सरकारी व्हायची आणि चालायला लागला की माणसांत यायची. म्हणून तो चालायचा, बोलायचा आणि ती टाइप करायची. वीज कंपनीच्या कचेरीत तिनं उभी हयात टाइपरायटरसमोर काढली होती. निवृत्तीच्या दिवशी 'आता या बोटांना कायमची सुट्टी' असं तिनं घरात जाहीर केलं. सुट्टी जेमतेम आठवडाभर टिकली.

जगात अमेरिकन कोट्यवधी असतील, पण या घरात 'अमेरिकन' म्हटलं की एकच. केव्हाच वारलेला, स्वतःच्या देशातही फारसा न वाचला गेलेला एक कादंबरीकार. नवऱ्यानं कॉलेजात तो वर्षानुवर्षं शिकवला, खिडकीबाहेर बघत बसणाऱ्या मुलामुलींना. मग निवृत्त झाल्यावर त्याला आपल्या भाषेत आणायचं डोक्यात घेतलं. एक छोटी प्रकाशन संस्था ती भाषांतरं छापायची. वाचक थोडे होते, पण चिवट होते.

अमेरिकनाची एक रीत होती. पुस्तकातली सगळ्यात मोठी गोष्ट तो सांगतच नसे. पहिली कादंबरी दोन भावांची, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्यांची. धाकट्यानं थोरल्याच्या पाठीमागे बापाचं घर विकलेलं आहे आणि थोरल्याला ते माहीत आहे. पण अख्खं पुस्तकभर दोघं शेजारी बसून लोकांचे काटे सरळ करतात, स्प्रिंगवर भांडतात, आणि घराचं अवाक्षर काढत नाहीत. आता चाललेली कादंबरी हमरस्त्यावरच्या एका लॉजची. लॉज चालवणाऱ्या नवराबायकोची मुलगी वारलेली आहे, पण तसं कुठल्याही पानावर लिहिलेलं नाही. फक्त कोपऱ्यातली एक खोली ते कधी भाड्यानं देत नाहीत, आणि तिथल्या पलंगावरची चादर मात्र दर आठवड्याला धुतात.

"तुमचा हा मुका," ती म्हणायची. "याच्या घरात आग लागली असती तर यानं बंबवाल्यांशी हवापाण्यावर गप्पा मारल्या असत्या."

तो हसायचा. खरं तर तिलाही तो मुका आवडायला लागला होता. तिचं इंग्रजी कचेरीतलं, 'आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात' एवढ्यावर चालणारं. अमेरिकनासाठी तिनं शब्दकोश उशाशी घेऊन ते वाढवलं होतं. त्याहून खरं म्हणजे, नोकरीच्या वर्षांत नवरा अमेरिकनाबद्दल बोलायचा तो दुसऱ्यांशी: सहकाऱ्यांशी, विद्यार्थ्यांशी, बसथांब्यावर भेटलेल्या माणसाशी. आता रोज सकाळी तो फक्त तिच्याशी बोलायचा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला नवऱ्याची रोजची हक्काची वेळ मिळावी, हे काही थोडं नव्हतं.

आणि त्याच वेळेत, त्याच खोलीत, एक गोष्ट होती जी कुणीच बोलत नव्हतं. त्याला दिसेनासं झालं होतं.

एकदम नाही. आधी बाजूचं गेलं. दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. शेजारून कुणी हात पुढं केला तर तो हात हवेतच राहायचा, आणि लोकांना वाटायचं, मास्तर शिष्ट झाले. मग कपाच्या शेजारी चहा. मग जिन्यावर प्रत्येक पायरी पावलानं चाचपणं. विचारलं की म्हणायचा, "लक्ष नव्हतं." माणूस विचारवंत असला की ही सोय असते, लक्ष नव्हतं म्हटलं की सगळं खपून जातं.

मग घर हळूहळू बदललं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पॅसेजमधलं स्टूल एक दिवस माळ्यावर गेलं. चपला दारासमोरून भिंतीकडे सरकल्या. खालच्या मजल्यावर राहणारी त्याची धाकटी बहीण जिन्यात कुंड्या ठेवायची, त्या कुंड्या तिनं आपल्या गॅलरीत नेल्या, आणि विचारलं तर म्हणाली, "उन्हासाठी." गॅलरीत ऊन यायचं नाही. इकडे वर हिनं खोलीतला बल्ब बदलून मोठा लावला, मग त्याहून मोठा. तो फक्त एकदा म्हणाला, "फोटो काढायचेत का कुणाचे?"

भीती होती ती थोरल्या दिरांसारखं होण्याची. घड्याळं दुरुस्त करायचे ते. त्यांना काचबिंदू झाला. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं खाल्ली जाते. दुकानात घड्याळं उलटसुलट व्हायला लागली, गिऱ्हाइकं परत यायला लागली, आणि घरात सगळे गप्प. शेवटी एक दिवस जेवताना नणंदेनं सगळ्यांसमोर ते बोलून टाकलं. थोरले उठले, हात धुतले, खिडकीजवळच्या खाटेवर जाऊन बसले. ते बसलेच. दुकानात गेले नाहीत, जिना उतरले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली थेंबांनी राखता येईल. त्यांनी थेंबही घातले नाहीत. दोन वर्षांत गेले. त्यांना अंधारानं नेलं नाही, बसण्यानं नेलं, असं या घरात प्रत्येकाला मनातल्या मनात वाटायचं.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की सख्ख्या भावंडांनी डोळे तपासून घ्या. नणंद दुसऱ्या दिवशी गेली. तिच्यातही निघालं, थोडंसं. तेव्हापासून तिचे थेंब चालू होते आणि नजर जिथल्या तिथं होती. नवरा 'जाऊ, जाऊ' म्हणत राहिला. पुढं तो विषयच घरातून नाहीसा झाला.

नणंद आपले थेंबसुद्धा भावाच्या नजरेआड घालायची. नजरेआड जायला आता फार लांब जावं लागत नव्हतं, तरी ती वर येऊन स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

"वहिनी, धर गं जरा." मान मागं टाकून तिनं बाटली पुढं केली. "माझा हात हलतो."

हिनं थेंब घातला. मग हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. बहिणीचं ऐकतील."

नणंद डोळे मिटून ओट्याला टेकून उभी होती. "मी एकदा बोललेय, याच तोंडानं. काय झालं बघितलंस ना? एक भाऊ बसवला मी. आता दुसऱ्याला बसवायचं काम माझ्याकडे नको."

"बसवलात कसला? आजार होता तो."

"आजार डोळ्याचा होता. पाय धडधाकट होते थोरल्याचे." डोळ्यातून ओघळलेला थेंब तिनं पदरानं टिपला. "तू बायको आहेस. पहिला मान तुझा."

"असला मान तुम्हालाच लखलाभ," ही म्हणाली. दोघी हसल्या, आणि हसून झाल्यावर दोघींनी दुसराच विषय काढला.

पण एका सकाळी कानाडोळा करायला जागाच उरली नाही, आणि तेही तिच्याच हातानं. आदल्या दिवशी तिनं खोली झाडली, टेबलावरची पुस्तकं उचलून फडका मारला आणि परत ठेवताना अदलाबदल केली. अमेरिकनाची सगळी पुस्तकं एकाच मालिकेतली होती, करड्या रंगाची, वर एक बारकं चित्र. एकावर काटा, एकावर लॉजची पाटी.

त्या सकाळी तो लॉजमधल्या बाईचं प्रकरण सांगत होता. बाई कपाटासमोर उभी राहून उशांचे अभ्रे मोजते आणि दर वेळी एक जास्तच येतो. वाक्यं छान चालली होती. कुठल्याशा शब्दावर अडून तिनं मान वळवली तर खिडकीतला उजेड बरोबर त्याच्या हातातल्या पुस्तकावर पडलेला. वर काट्याचं चित्र.

तिनं मान परत कळफलकाकडे वळवली.

त्यानं बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं. दोन भावांच्या दुकानातलं पान उलटून लॉजमधल्या बाईचं पुढचं वाक्य सांगितलं. वाक्य बरोबर होतं.

तिनं ते लिहिलं. त्याच्या पुढचं लिहिलं. अक्षरं तिच्यासमोर थरथरत होती, पण बोटं जुनी होती, ती आपलं काम करत राहिली. मागच्या वर्षीचं तिला आठवलं. काम सुरू करण्याआधी पुस्तक अंगात भिनेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचायचं, ही त्याची सवय जुनीच होती. पण मागच्या वर्षी तो जेवण सोडून, दिवा नाकाशी ओढून, पान जवळजवळ गालाला लावून वाचत बसायचा. तिला वाटलं होतं, भक्ती. ती भक्ती नव्हती. उद्या पाणी जाणार हे कळल्यावर घरातली सगळी भांडी, पातेली, अगदी वाट्यासुद्धा भरून ठेवाव्यात, तसं तो भरून ठेवत होता.

दुपारी तो आडवा झाल्यावर ती लॉजचं पुस्तक आणि शब्दकोश घेऊन बसली. प्रकरण जवळजवळ सगळं होतं. अभ्र्यांबद्दलचा एक परिच्छेद तेवढा गळला होता. तो तिनं स्वतःच भाषांतर करून मधे घातला आणि पुस्तक जागेवर ठेवलं, या वेळी बरोबर जागेवर. पुढची प्रकरणं तपासावीत असं मनात आलं, पण धीर झाला नाही. झोपलेल्या नवऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी रिवाजाप्रमाणे तिनं झालेलं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. तिचा परिच्छेद आला तसा तो जरा सावरून बसला.

"'सदरहू अभ्र्यांची संख्या'," तो म्हणाला. "हे कुणी लिहिलंय? वीज कंपनीनं?"

तिनं वर बघितलं. त्याच्या मिशीखाली हसू होतं, पण चेहरा हसत नव्हता.

"'अभ्रे किती ते' असं कर," तो हळूच म्हणाला. "बाकी राहू दे. बरं केलंस."

'बरं केलंस' एवढंच. काय बरं केलं, ते नाही. म्हणजे त्यालाही कळलं होतं की हिला कळलंय. आता दोघांना माहीत होतं आणि दोघं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उशांच्या अभ्र्यांवर बोलायला लागली.

कादंबरी संपत आली तेव्हा त्यानं प्रस्तावना घेतली. प्रस्तावना मात्र त्याची स्वतःची होती, त्यामुळे हातात पुस्तक घ्यायची गरज नव्हती. तो मोकळ्या हातांनी फेऱ्या घालत होता.

"लिही. 'या लेखकाची माणसं बोलत नाहीत, ती भित्री आहेत म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाला नाव ठेवण्याचा' — नाही, नाव ठेवणं वेगळं — 'दुसऱ्याचं दुःख त्याच्या तोंडावर उच्चारण्याचा हक्क आपल्याला नाही, अशी या लेखकाची श्रद्धा आहे. आपल्याला हक्क आहे तो शेजारी बसण्याचा. त्याची माणसं दुःखाभोवती भिंत बांधत नाहीत, ओटा बांधतात. येणारा त्यावर टेकतो, काही विचारत नाही.'"

तिची बोटं थांबली.

"काय झालं?" तो म्हणाला.

"ओटा छान आहे. पण मला पटत नाही."

"काय पटत नाही?"

"शेजारी बसायचं, इथवर ठीक. पण शेजारच्याच्या घराला आग लागलेली दिसत असेल तर? तरीही ओट्यावर टेकून बसायचं?"

"बादली आणावी की. बोंब मारू नये."

"बादली घेऊन आत शिरताना 'सरका' तरी म्हणावंच लागतं ना? का ते पण समजून घ्यायचं?"

तो दाराशी थांबला होता, चौकटीला हात लावून. खालून कुणीतरी बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"अमेरिकनाचं म्हणणं असं आहे," तो शेवटी म्हणाला, "की एकदा शब्द उच्चारला की माणूस त्या शब्दाएवढाच उरतो. लॉजवाली आहे तोवर ती लॉजवाली आहे. 'जिची मुलगी गेली ती' असं एकदा कुणी म्हणालं, की मग तिनं चादर वाळत घातली काय, पैसे घेतले काय, हसली काय, सगळं त्याच एका नावाखाली जमा होतं. म्हणून तो म्हणत नाही. तिला तिचं काम करू देतो."

तिला खाटेवर बसलेले थोरले दीर दिसले. एका जेवणात घड्याळजीचा आंधळा झालेला माणूस. नवरा अमेरिकनाबद्दल बोलत नव्हता, आणि अमेरिकनाबद्दलच बोलत होता. अशा वेळी उत्तर द्यायचं तर पुस्तकातून बाहेर यावं लागतं, आणि बाहेर पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

"पण तिचा नवरा?" ती म्हणाली. "तोही मुकाच. त्याला सगळं दिसतंय. तोही चादरीची दोन टोकं धरून गप्प. एवढ्या जवळच्या माणसानंसुद्धा म्हणायचं नाही? मग लग्न कशाला केलं, धोबीच ठेवायचा."

तो खळखळून हसला. "हे प्रस्तावनेत घाल."

"मी सिरियसली बोलतेय."

"मीही," तो म्हणाला, आणि पुन्हा चालायला लागला.

मग शेवटचं प्रकरण झालं, कागद प्रकाशन संस्थेकडे गेले, छापून तपासायला आले, आणि एका दुपारी संपादकबाई स्वतःच शंका घेऊन घरी आली. तरुण, हुशार मुलगी, खांद्याला तिच्याहून जड पिशवी. त्याला 'सर' म्हणायची, हिला 'काकू'. ही तिच्या समोर बसली. नणंद बोलावलं नसताना वर आली होती आणि चहाचा ताबा घेतला होता. तिनं भावाचा कप टेबलावर न ठेवता सरळ त्याच्या हातात दिला. "गरम आहे," ती म्हणाली. संपादकबाईला काही वेगळं वाटलं नाही. कुणाला वाटणार? बहिणीचं प्रेम दिसलं.

शंका बारीकसारीक होत्या. एका शब्दाऐवजी दुसरा, स्वल्पविराम इथं की तिथं. नवरा प्रत्येकाचं उत्तर सहज देत होता, पुस्तकाला हात न लावता, आणि ती मुलगी भारावून जात होती. "सर, तुमचं पुस्तक पाठच आहे!"

"सहवास," तो म्हणाला. नणंद जोरात खाकरली.

"एक शेवटची, सर." मुलीनं पिशवीतून मूळ पुस्तक काढलं. "शेवटच्या प्रकरणात एक ओळ आहे, ती मला मुळात सापडलीच नाही. तुम्ही जरा दाखवता का, कुठंय?"

आणि तिनं पुस्तक बाजूनं पुढं केलं.

ते हवेतच राहिलं. क्षण, दोन क्षण. मुलीच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसायला लागला.

"आणा इकडे," ही पटकन म्हणाली, पुस्तक घेतलं आणि त्याच्या हातात ठेवलं. खुर्चीत नीट बसताना सहज केल्यासारखं. इतक्या वर्षांत असं सहज करायला ती पुष्कळ शिकली होती.

त्यानं पुस्तक शेवटाकडे उघडलं. त्यात बघितलं. "वाचा बरं ओळ," तो म्हणाला.

मुलीनं कागद पुढं घेतला. "हंगाम संपतो, दोघं लॉज बंद करून निघतात, तिथं आहे. तो कचेरीच्या दाराशी किल्ली घेऊन उभा राहतो. मग आपल्याकडे असं आहे: 'त्यानं किल्ली तिच्या हातात दिली. तू लाव, तो म्हणाला. मला भोक सापडत नाही. कधीपासून सापडत नाही.' मग ती कुलूप लावते." तिनं वर पाहिलं. "सर, ओळ सुंदर आहे. पण मुळात तो स्वतःच कुलूप लावतो आणि दोघं गाडीकडे जातात. आणि खरं सांगू का, ही या लेखकाची वाटतच नाही. याच्या पुस्तकांत असं कुणी कधी सांगत नाही."

खोलीत घड्याळ नव्हतं. नाहीतर ते तेव्हा ऐकू आलं असतं.

तिला ती सकाळ आठवली. हे वाक्य सांगून तो चालायचा थांबला होता. ती 'पुढे?' म्हणाली होती. तो नुसता उभा होता, खिडकीकडे पाठ करून, तिच्याकडे तोंड करून, जणू काही वाट बघत. ती पुन्हा म्हणाली होती, "अहो, पुढे?" मनात आलं होतं, चला, या मुक्याच्या पुस्तकात अखेर कुणीतरी तोंड उघडलं! आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू जायचा वास आला, आणि ती उठून धावली. परत आली तेव्हा तो म्हणाला, "पुढे काही नाही. तिनं कुलूप लावलं. लिही."

त्यानं सांगितलं होतं. त्याला येत होती त्या एकाच रीतीनं, दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या किल्लीनं. आणि ती दूध बघायला गेली होती.

"नाही ना मुळात?" नवरा म्हणाला. त्यानं पुस्तक मिटलं. "मग काढून टाका. माझी चूक. भाषांतर करणाऱ्यानं आपलं पदरचं घालू नये."

"नक्की ना, सर?"

"नक्की."

मुलीनं पेन्सिलनं ओळीवर रेघ मारली. नणंदेनं सोडलेला श्वास ऐकू आला. मग एकदम सगळेच बोलायला लागले. बिस्किटं घ्या, अजून चहा ठेवू का, कागद किती महाग झालाय. मुलगी पिशवी आवरता आवरता म्हणाली, प्रकाशनाच्या कार्यक्रमात सरांनी दोन पानं वाचून दाखवलीच पाहिजेत. तो म्हणाला, "माझा घसा बसतो हो. ही वाचेल. टाइप करून करून हिला लेखकाहून जास्त कळतं." सगळे हसले. निभावलं. अमेरिकनाला अभिमान वाटावा असं निभावलं तिघांनी.

तेवढ्यात त्यानं रिकामा कप खाली ठेवायला हात लांबवला. टेबल होतं त्याच्यापेक्षा जरा अलीकडे त्याचा हात गेला, आणि कप सुटायच्या आत नणंदेनं, बोलता बोलता, मुलीकडे बघून हसता हसता, पायानं टेबल त्याच्याकडे सरकवलं. कप टेबलावर टेकला. खुट्ट आवाज झाला.

असंच चाललं होतं. हे असंच चालणार होतं. ते टेबल सरकवत राहणार, आणि उरलेली नजर, डॉक्टर म्हणाले होते ना राखता येईल अशी, ती रोज थोडी थोडी, कडेकडेनं, त्यांच्या शिष्टाचाराखाली संपून जाणार. थोरले बसले होते ते नणंद बोलल्यामुळे. पण तेव्हा बोलणारी बोलून गप्प झाली होती, आणि ऐकणाऱ्याला पुढं काय करायचं ते कुणीच सांगितलं नव्हतं.

"ती ओळ राहू दे," ती म्हणाली.

मुलगी पिशवीचा बंद ओढता ओढता थांबली. "पण काकू, मुळात नाहीये ती..."

"मुळात नाही, माहीत आहे मला. तरी राहू दे."

"वहिनी," नणंद खालच्या आवाजात म्हणाली. आवाजात विनवणी होती.

"वन्सं, थांबा जरा."

ती उठली. खुर्ची उचलून तिनं नवऱ्याच्या बरोबर समोर ठेवली, बाजूला नाही, अगदी समोर, जिथं त्याला अजून थोडंफार दिसत होतं, आणि त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसली. त्याचा चेहरा एकदम लहान झाला. त्याला कळलं होतं. ऐकायचं नाही आणि ऐकायचंच आहे, असं दोन्ही त्या चेहऱ्यावर होतं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही. मला माहीत आहे, वन्संना माहीत आहे, तुम्हाला तर आहेच. जेवढं उरलंय तेवढं राखायला उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जायचं. आणि परवापासून पुढच्या पुस्तकातलं मी मोठ्यानं वाचणार, अडखळत वाचेन, पण वाचेन. तुम्ही चालायचं. बसायचं नाही."